कार्यालयाची पातळी

बांधकामाच्या जागेवर पहिली कुदळ पडण्याआधी एक खूण निश्चित केली जाते. शेजारच्या मोरीचा कठडा, रस्त्याकडेचा पक्का दगड, जुन्या इमारतीच्या जोत्याचा कोपरा, असे पुढील दोन वर्षे जागचे हलणार नाही ते काहीतरी हेरून त्यावर तेलरंगाने आडवी रेघ ओढतात आणि बाजूला ‘टी.बी.एम.’ ही अक्षरे लिहितात. टेम्पररी बेंचमार्क. जोते किती उंच घ्यायचे, सांडपाण्याच्या नळाला उतार किती द्यायचा, स्लॅबचा तळ कोठे येणार, हे सारे त्या एका रेघेपासून मोजले जाते. रेघ पुसली गेली तर काम थांबते. कोणताही अभियंता नुसत्या नजरेने पातळी सांगण्याचे धाडस करीत नाही.

सर्वेक्षकांच्या या शब्दाला व्यापाराच्या भाषेत जागा मिळाली ती गेल्या शतकाच्या उत्तरार्धात. झेरॉक्स कंपनीने गोदामातील काम सुधारण्यासाठी आपल्या प्रतिस्पर्ध्यांकडे न पाहता एल. एल. बीन या कपडे आणि पादत्राणे टपालाने विकणाऱ्या पेढीचे गोदाम अभ्यासले. माल निराळा, पण मागणी आल्यावर वस्तू शोधून बांधून पाठवण्याचे काम तेच. दुसऱ्याच्या उत्तम कामाशी आपले काम आकड्यांत ताडून पाहण्याच्या या पद्धतीला ‘बेंचमार्किंग’ हे नाव रूढ झाले. मराठीत त्याला तुलनात्मक मापन म्हणता येईल. त्यातील ‘मापन’ हा शब्द ‘तुलनात्मक’पेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, हे पुढे दिसेलच.

छत्रपती संभाजीनगरला ही पद्धत परकी नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांची रांगच्या रांग त्या परिसरात उभी राहिली. दुसऱ्या कारखान्याला भाग पुरवणाऱ्याला मोजमापापासून सुटका नसते. किती नग नाकारले गेले, साचा बदलायला किती मिनिटे लागली, माल ठरल्या दिवशी पोहोचला की नाही, हे आकडे कारखान्याच्या भिंतीवरील फळ्यावर रोज लिहिले जातात. केंद्र सरकारच्या लीन योजनेत तर दहा-एक लहान कारखान्यांनी एकत्र येऊन एक गट करावा, एकच सल्लागार नेमावा आणि एकमेकांच्या शॉपफ्लोअरवर जाऊन काम पाहावे, अशी व्यवस्थाच होती. सल्लागाराच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलत असे. मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये चाचणी आणि आरेखनाच्या सुविधा अनेकांनी मिळून वापराव्यात, हाही त्याच विचाराचा भाग. आपले दोष शेजाऱ्याला दिसतील, ही भीती वाळूजच्या कारखानदाराने बऱ्याच अंशी टाकून दिली आहे.

त्या कारखानदाराच्या शेडचा आराखडा ज्या कार्यालयात तयार होतो, तेथे मात्र चित्र वेगळे असते. जालना रोड, समर्थनगर, उस्मानपुरा किंवा सिडकोच्या एखाद्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर चार-सहा माणसांचे कार्यालय असते. कोणी वास्तुविशारद, कोणी स्ट्रक्चरल अभियंता, कोणी दोन्ही कामे पाहणारा. येथे दुसऱ्याचे सारे मोजले जाते. ठेकेदाराचे बिल मोजमाप पुस्तिकेतून पारखले जाते, भिंत एक सेंटिमीटर ओळंब्याबाहेर गेली तर ती पाडायला लावली जाते. पण त्याच कार्यालयाने गेल्या वर्षी एका बंगल्यासाठी किती तास खर्च केले, असे विचारले तर उत्तर मिळते, “बरेच.”

उदाहरणासाठी असे एक कार्यालय कल्पनेत उभे करू या. प्रमुख वास्तुविशारद स्वतः, दोन कनिष्ठ वास्तुविशारद, एक ड्राफ्ट्समन आणि एक साइट इंजिनिअर. कनिष्ठांना प्रत्येकी २५,००० रुपये, ड्राफ्ट्समनला १८,०००, साइट इंजिनिअरला २२,०००. म्हणजे पगार ९०,००० रुपये. भाडे, सॉफ्टवेअर, वीज, पेट्रोल, छपाई, सनदी लेखापालाची फी आणि अर्धवेळ मदतनीस मिळून आणखी ७०,०००. एकूण मासिक खर्च १,६०,००० रुपये. प्रमुखांची मुलगी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आल्यावर ती जेवताना विचारते, “बाबा, मी ऑफिसला आले तर मला पगार किती द्याल?” आणि त्यांच्या लक्षात येते की, इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचाही पगार कधी ठरवलेला नाही. महिनाअखेर जे उरते ते घरी येते. काही महिन्यांत काहीच येत नाही.

येथूनच हिशोब चुकायला लागतो. पाच माणसे, महिन्याचे २५ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे १,००० तास. पण हे सगळे तास कोणत्या ना कोणत्या प्रकल्पावर पडतात असे नाही. महानगरपालिकेत खेटे, नवीन पार्टीला समजावणे, संगणक बंद पडणे, न मिळालेल्या कामांची प्राथमिक रेखाटने, फोन. अमेरिकेत अशा कार्यालयांची वार्षिक सर्वेक्षणे होतात. त्यांत एकूण वेळेपैकी साधारण ६० टक्के वेळ प्रत्यक्ष प्रकल्पांवर जातो असे दिसते. तोच आकडा येथे धरला, तर हाती ६०० तास उरतात. प्रमुखांनी स्वतःला ७५,००० रुपये पगार लावला तर महिन्याचा खर्च २,३५,००० होतो आणि प्रकल्पावरील एका तासाची किंमत ३९२ रुपये पडते. पगार लावला नाही तर तीच किंमत २६७ रुपये.

आता सातारा परिसरातील दोन हजार चौरस फुटांचा एक बंगला घेऊ. बांधकामखर्च ४० लाख, फी तीन टक्के म्हणजे १,२०,००० रुपये. मालकाच्या मेहुण्याला पुण्यात पाहिलेले एलिव्हेशन हवे होते, स्वयंपाकघराची दिशा दोनदा बदलली, जिना एकदा. सारे मिळून ४२० तास लागले. प्रमुखांचा पगार शून्य धरला तर खर्च १,१२,००० आणि नफा ८,०००. काम बरे झाले असे वाटते. पगार धरला तर खर्च १,६४,५००, म्हणजे ४४,५०० रुपयांचा तोटा. बंगला तोच, तास तेच, फीही तीच. बंगला जितका देखणा झाला असेल तितकी त्याची वाखाणणी होते आणि त्याच दराने पुढचे काम येते.

प्राप्तिकराची एक सवलतही या अंधुकपणाला हातभार लावते. प्राप्तिकर कायद्यानुसार वास्तुविशारद आणि अभियंते यांसारख्या व्यावसायिकांना वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असेल, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांहून अधिक नसेल तर ७५ लाखांपर्यंत असेल, तर जमेच्या निम्मी रक्कम नफा मानून कर भरता येतो. मग कायद्याने हिशोबवह्या ठेवण्याची सक्ती नाही. सोय मोठी आहे, कोणी ती घेतली तर दोष देता येणार नाही. मात्र वर कल्पिलेल्या कार्यालयाची वर्षाची जमा ३० लाख असेल, तर कर १५ लाखांच्या नफ्यावर भरला जातो आणि प्रत्यक्षात प्रमुखांच्या हाती १० लाख ८० हजारच उरलेले असतात. कमी नफा दाखवायचा तर वह्या हव्यात आणि लेखापरीक्षणही हवे. ज्या समाजात दिवाळीला वहीपूजन होते, रोजमेळ आणि खतावणी हे शब्द मुले दुकानाच्या गादीवर बसूनच शिकतात, त्या समाजातील शिकलेल्या पिढीच्या कार्यालयात वहीच नसावी, हे जरा विचित्रच. आजोबांच्या किराणा दुकानात किती पोती साखर शिल्लक आहे हे ठाऊक असे. नातवाच्या कार्यालयात विकला जाणारा माल म्हणजे तास, आणि त्यांची नोंद कोठेही नसते.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांपैकी एक मापात कमी-अधिक करण्याचा आहे. घेताना एक माप, देताना दुसरे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तराजूत काटा मारणारा दुकानदार येतो. कार्यालयात ही दोन मापे वेगळ्या रूपाने असतात. रात्री अकरापर्यंत थांबलेल्या कनिष्ठाचे जादा तास कोठेही लिहिले जात नाहीत. त्या तासांची किंमत फीमध्ये धरलेली नसते आणि पगारातही नसते. प्रमुख आपल्या कष्टांची किंमत शून्य धरतो तेव्हा तो स्वतःवर अन्याय करतो, हे एक. पण त्याच शून्याच्या आधारे ठरवलेली स्वस्त फी तरुण सहकाऱ्यांच्या न मोजलेल्या तासांतून भागवली जाते, हे अधिक गंभीर आहे. दोन वर्षांत तो कनिष्ठ पुण्याला निघून जातो आणि “आजकालची मुले टिकत नाहीत” असे म्हटले जाते.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. प्रत्येकाने, प्रमुखासह, दिवसाअखेरी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या हिशोबाने लिहायचे: कोणता प्रकल्प, कोणता टप्पा, पहिल्यांदा की दुरुस्ती. याला टाइमशीट म्हणतात आणि सगळीकडे तिला विरोध होतो. सहकाऱ्यांना ती पाळत वाटते. प्रमुखाला ती कारकुनी वाटते आणि दुसऱ्या आठवड्यापासून त्याचीच नोंद प्रथम थांबते. ती टिकते ती दोन अटींवर. एक, तिच्यावरून कोणाचा पगार कापला जाणार नाही, हे स्पष्ट सांगितलेले असावे. दुसरी, महिनाअखेर तिच्यातून निघालेला आकडा सर्वांना दाखवावा. ‘दुरुस्ती’ या एका रकान्यात किती तास गेले हे पाहिल्यावर पुढील करारात “तीन बदलांनंतर जादा फी” ही ओळ लिहिण्याचे धैर्य आपोआप येते.

तासांपाठोपाठ येते उधारी. वर्षाची जमा ३० लाख आणि येणे बाकी ९ लाख असेल तर पैसा सरासरी ११० दिवस बाहेर अडकलेला असतो, तर पगार दर महिन्याच्या सात तारखेला द्यावाच लागतो. अंतर भरून निघते ते घरातल्या बचतीतून किंवा पत्नीच्या दागिन्यांवरील कर्जातून. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ हा केवळ कारखान्यांसाठी आहे, अशी समजूत आढळते. ती चूक आहे. सेवा देणारे कार्यालयही उद्यम नोंदणी करू शकते. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे देणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून लागू झालेल्या प्राप्तिकरातील तरतुदीने तर मुदतीत न दिलेले असे देणे व्यावसायिक ग्राहकाला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. कारखान्याच्या शेडसाठी फी थकली असेल तर या तरतुदीची नुसती आठवण करून देणारे पत्रही पुष्कळ काम करते. स्वतःचे घर बांधणाऱ्याला मात्र ही करातील अडचण जाणवत नाही. तेथे फीचे टप्पे आणि आगाऊ रक्कम हाच आधार. संकल्पना, मंजुरी, कामाची ड्रॉइंग आणि बांधकामाची प्रगती असे टप्पे वास्तुकला परिषदेने आखून दिलेलेच आहेत. ते करारात लिहिले जात नाहीत, कारण पुष्कळदा करारच नसतो.

करार नसण्याचे कारण बहुधा ओळख असते. समाजातील माणूस, साडूचा भाऊ, व्यापारातला जुना स्नेही. त्यांच्याकडे कागद पुढे करायचा कसा? आणि मंदिराचा जीर्णोद्धार, स्थानकाची नवी खोली, धर्मशाळेचे नकाशे यांची फी मागण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. येऊही नये, ते दान आहे आणि दान म्हणूनच ते शोभते. परंतु दानाचीही नोंद असते. पावतीपुस्तकात अकरा रुपयांची नोंद होते, तर १८० तासांची का होऊ नये? १८० तास म्हणजे ३९२ रुपये दराने सुमारे ७०,००० रुपये. हा आकडा कोणाला ऐकवण्यासाठी नाही. वर्षाला किती तास समाजाला द्यायचे हे कार्यालयाने आधी ठरवावे आणि त्यातच ते पाळावे, यासाठी तो हवा. नोंद नसेल तर दान आणि सवलत यांची सरमिसळ होते. नातलगाच्या बंगल्यावर सोडलेली अर्धी फीही ‘समाजकार्य’ या सदरात मनोमन जमा होते.

सहा महिने असे मोजमाप झाले की मग तुलना. ती कोणाशी? एकट्याचे आकडे म्हणजे एकाच खुणेवरून घेतलेली पातळी. खूण बरोबर आहे का, हे दुसऱ्या खुणेवरून तपासावे लागते. ब्रिटनमध्ये ‘रिबा’ या वास्तुविशारदांच्या संस्थेची मान्यता असलेल्या कार्यालयांना दरवर्षी आपले आकडे सर्वेक्षणात भरावे लागतात आणि त्या बदल्यात आपल्याएवढ्या आकाराच्या कार्यालयांशी तुलना हाती मिळते. येथे तशी व्यवस्था उभी राहीपर्यंत पाच-सहा कार्यालयांनी तिमाहीत एकदा एकत्र बसणे शक्य आहे. आकडे एखाद्या सर्वमान्य सनदी लेखापालाकडे द्यावेत आणि त्याने नावे काढून मांडावेत. बंगल्याची तुलना बंगल्याशी व्हावी, शेडची शेडशी. स्ट्रक्चरल सल्लागाराचे तास वास्तुविशारदाच्या तासांशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. मंजुरीचे दिवस मोजताना कार्यालयात गेलेले दिवस आणि महापालिकेत गेलेले दिवस वेगळे ठेवावेत, नाहीतर सारी बैठक महापालिकेवर बोलण्यातच संपते.

एक मर्यादा मात्र कटाक्षाने पाळायला हवी. तास, उधारीचे दिवस, दुरुस्त्यांची संख्या यांची चर्चा करावी. उद्यापासून सर्वांनी अमुक दर लावावा असे ठरवू नये. एकत्र बसून दर बांधणे २००२ च्या स्पर्धा कायद्याला धरून नाही. अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेलाही १९७२ मध्ये सरकारने दावा लावल्यावर फीबाबतची आपली बंधने मागे घ्यावी लागली होती. शिवाय दर बांधून उपयोगही होणार नाही. ‘वास्तुविशारद’ ही उपाधी नोंदणीशिवाय लावता येत नाही, मात्र आरेखनाचे काम इतरांनाही करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला आहे. शहरात बंगल्याचे नकाशे वास्तुविशारदही करतात आणि स्थापत्य अभियंतेही. कमी दर सांगणारा नेहमीच कोणीतरी असतो.

तुलनेत आणखी एक धोका आहे आणि तो सर्वांत मोठा. सहा जणांच्या तक्त्यात ज्याचे तास सर्वांत कमी, तो पहिला आला असे वाटू लागते. स्ट्रक्चरल कार्यालयाच्या बाबतीत हे घातक आहे. मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात फुगणारा आणि उन्हाळ्यात भेगाळणारा थर किती खोल आहे, मुरूम कोठे लागतो, हे पाहिल्याविना पायाचे ड्रॉइंग दिले तर तास निश्चित वाचतात. दुसऱ्या अभियंत्याकडून गणित तपासून घेतले नाही, स्लॅब ओतण्याआधी सळया पाहायला कोणी गेले नाही, तरीही वाचतात. म्हणून तक्त्यात ‘तपासणीचे तास’ हा रकाना वेगळा हवा, आणि त्यात ज्याचा आकडा सर्वांत लहान त्याला बाकीच्यांनी कारण विचारावे. परदेशी आकड्यांचेही तसेच. वरील गणितात धरलेले ६० टक्के हे अमेरिकेतील कार्यालयांचे आहेत. जेथे प्रमुखाला अर्धा दिवस साइटवर आणि उरलेला मंजुरीच्या मागे काढावा लागतो, तेथे स्वतःचा आकडा ४५ निघाला तर त्यात नवल नाही. तो निघेपर्यंत ६० हा केवळ अंदाज.

कल्पनेतील त्या कार्यालयात मुलीच्या प्रश्नाचे उत्तर अजून द्यायचे आहे. तिला ३०,००० रुपये पगार दिला तर मासिक खर्च २,६५,००० होतो. सहा माणसांचे तास १,२००, प्रकल्पावरील ७२०. तासाची किंमत ३९२ वरून ३६८ रुपयांवर येते, म्हणजे ती आल्याने कार्यालय स्वस्त पडते. पण तिच्या वाट्याच्या महिन्याच्या १२० तासांना काम हवे. वर्षाला १,४४० तास, म्हणजे ४२० तासांचे जवळपास साडेतीन बंगले, आणि त्या प्रत्येकाची फी १,२०,००० नव्हे तर किमान १,५५,०००. वडील आणि मुलगी जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसतील तेव्हा गेल्या वर्षी आलेल्या आणि नाकारलेल्या कामांची यादी त्यांना काढावी लागेल. त्यात १,५५,००० देऊ शकणारे किती होते, हे मोजायला एक संध्याकाळ पुरेल.